क्षमा बापाची, फिर्याद कोणाची?

८ नोव्हेंबर १९८७, रविवार. उत्तर आयर्लंडमधल्या फर्मना परगण्यातलं एनिस्किलन हे पाण्याने वेढलेलं छोटं शहर. दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्यांना मानवंदना द्यायला माणसं नेहमीप्रमाणे स्मृतिस्तंभाजवळ जमत होती. छातीवर लाल पॉपीची फुलं, काहींच्या हाताला मुलं. सैनिकांचं संचलन अजून पोचायचं होतं. १० वाजून ४३ मिनिटांनी शेजारच्या इमारतीत ठेवलेला सुमारे १८ किलोंचा बॉम्ब फुटला आणि इमारतीची भिंत तिच्या कडेला उभ्या असलेल्या लोकांवर कोसळली. ११ माणसं मेली, त्यांत तीन जोडपी होती. जखमी ६३, त्यांत १३ मुलं. बॉम्ब ठेवला होता प्रोव्हिजनल आयआरएने, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या, कॅथलिक समाजातल्या आयरिश रिपब्लिकन आर्मीने. या हत्याकांडाबद्दल आजवर एकाही माणसाला शिक्षा झालेली नाही.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. घटना आणि तारखा मात्र खऱ्या. एनिस्किलनचा विषय निघाला की ही दोन माणसं माझ्या डोक्यात वाद घालू लागतात, म्हणून त्यांना समोरासमोर बसवलं. आत्या सत्र न्यायालयात सरकारी वकील होत्या, आता निवृत्त. भाचा बेलफास्टला शिकून आलेला. यादवीतून बाहेर पडलेले समाज पुन्हा एकत्र कसे राहतात, हा त्याच्या अभ्यासाचा विषय.

भाचा : आत्या, या सगळ्यात मला एकच माणूस पुन्हा पुन्हा आठवतो. गॉर्डन विल्सन. गावात त्याचं कापडाचं दुकान होतं. वीस वर्षांची मुलगी मेरी, बेलफास्टच्या रुग्णालयात नर्स. दोघं त्या भिंतीजवळ उभे होते. ढिगाऱ्याखाली त्याच्या हातात तिचा हात आला. तो विचारत राहिला, बरी आहेस ना? ती हो म्हणत राहिली. मग, बाबा, माझं तुमच्यावर फार प्रेम आहे, असं म्हणाली आणि गप्प झाली. नंतर रुग्णालयात वारली. त्याच संध्याकाळी बीबीसीचा वार्ताहर घरी आला, तेव्हा हा बाप म्हणाला की माझ्या मनात कोणाबद्दल द्वेष नाही, आकस नाही, त्या माणसांसाठी मी आज रात्री आणि रोज रात्री प्रार्थना करीन.

आत्या : वाचलंय मी. वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

भाचा : सुडासाठी तयार बसलेले प्रॉटेस्टंट बंदूकधारी ते शब्द ऐकून थबकले, असं तिकडे आजही सांगतात.

आत्या : सगळे नाही थबकले. दुसऱ्याच दिवशी बेलफास्टमध्ये बांधकामावर काम शिकायला आलेल्या १९ वर्षांच्या विद्यार्थ्याला त्यांनी गोळ्या घातल्या. कॅथलिक समजून मारला, आणि पोरगा निघाला प्रॉटेस्टंट. त्याचं नाव या क्षमेच्या गोष्टीत कोणी घेत नाही.

भाचा : मान्य. पण एकावर थांबलं. नाहीतर किती गेले असते!

आत्या : असेल. आणि हे नीट ऐक, त्या बापाबद्दल मी वावगा शब्द काढणार नाही. माझं भांडण त्याचं बोलणं ऐकणाऱ्यांशी आहे. तो बोलला ते स्वतःपुरतं. जगाने ते सगळ्या गावाचं म्हणून धरलं. राणीने त्या वर्षीच्या नाताळच्या संदेशात त्याचा उल्लेख केला, वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. बाकीच्या घरांना कोणी विचारलं का? ज्यांची आई आणि बाप दोघंही एका क्षणात गेले, त्यांनी रागावणं हा जणू कमीपणा ठरला. शेजारच्या घरातला बाप क्षमा करतो, मग तुम्हाला काय झालं?

भाचा : तसं कोणी तोंडावर म्हणालं नसेल.

आत्या : म्हणावं लागत नाही रे. माझ्या नोकरीत पाहिलंय मी. पाच वारसांपैकी एक जण कोर्टात उठून सांगतो, साहेब, आमचं काही म्हणणं नाही. उरलेले चौघं त्या क्षणी मुके होतात. आणि ते मुख्याध्यापक? भिंतीखाली सापडले, दोन दिवसांनी त्यांची शुद्ध गेली, ती कधी परत आलीच नाही. २८ डिसेंबर २००० ला गेले. तेरा वर्षं! मधल्या काळात शस्त्रसंधी झाला, करार झाला, कैदी सुटून घरी गेले. बायको त्यांची शुश्रूषा करत राहिली. मृतांचा आकडा ११ म्हणून सांगतात, तो बारा आहे. त्या बाईच्या वतीने क्षमा कोणी केली?

भाचा : कोणीच नाही. विल्सननेही तसा दावा केला नाही.

आत्या : तेच तर म्हणतेय. आपल्याकडे किरकोळ दुखापतीचा खटला फिर्यादी आणि आरोपी आपसांत मिटवू शकतात. खुनाचा नाही मिटवता येत. मेलेल्याची आई जरी कोर्टात येऊन म्हणाली की मी माफ केलं, तरी खटला चालतो. कारण खुनात फिर्याद राज्याची असते. गाव, परगणा, सगळा समाज त्या खटल्याला उभा असतो. बाप आपल्या वाट्याचं देऊ शकतो, समाजाच्या वाट्याचं नाही.

इथे भाचा बराच वेळ गप्प राहतो. आत्यांचा मुद्दा त्याला पटलेला नसतो असं नाही. पण त्याने जो देश पाहिला आहे, तिथे राज्य हा शब्द इतक्या विश्वासाने उच्चारता येत नाही.

भाचा : फिर्याद राज्याची, हे आपल्या सोयीचं वाक्य आहे. तिथल्या कॅथलिक माणसाला ते म्हणून दाखव. ३० जानेवारी १९७२ ला डेरी शहरात मोर्चेकऱ्यांवर ब्रिटिश छत्रीसैनिकांनी गोळीबार केला. १३ जण त्याच दिवशी गेले, एक नंतर. काही आठवड्यांत चौकशी आटोपली आणि सैनिकांवरचा ठपका जवळजवळ पुसला गेला. मेलेली माणसं निरपराध होती, हे राज्याने मान्य करायला २०१० उजाडलं. अडतीस वर्षं आत्या. एनिस्किलनच्या त्या समारंभात ब्रिटिश सैन्याच्या अल्स्टर डिफेन्स रेजिमेंटचे सैनिक येणार होते. तोच गणवेश रात्री नाक्यावर कॅथलिक तरुणाला गाडीतून उतरवून झडती घ्यायचा. कॅथलिकांच्या दृष्टीने तो स्मृतिस्तंभ सगळ्यांचा नव्हताच.

आत्या : म्हणजे त्याखाली उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना मारायचं?

भाचा : मी समर्थन करत नाही. तू मला तिथे ढकलू नकोस.

आत्या : ढकलत नाही. पण आयआरए काय म्हणाली ते सांग ना. आमचा रोख सैनिकांवर होता, म्हणाली. ब्रिटिश सैन्याच्या शोधयंत्रांच्या लहरींनी बॉम्ब अवेळी फुटला असावा, म्हणाली. पुढे ते टिकलं नाही, त्याला टायमर होता. आणि त्याच सकाळी टलीहॉमन गावात दुसरा बॉम्ब लावला होता, एनिस्किलनपेक्षा कितीतरी मोठा. तिथल्या संचलनात शाळकरी मुलामुलींची पथकं होती. तो फुटला नाही, एवढंच. एकाच सकाळी दोन गावांत, दोन मानवंदनांवर. याला मी चुकलेला नेम म्हणू?

भाचा : नाही. तो चुकलेला नेम नव्हता.

आत्यांच्या या प्रश्नाला फाटे फोडण्याचा प्रयत्न अनेकांनी केला आहे. मला त्यात काही फाटा दिसत नाही. स्मरणाचा सोहळा मारेकऱ्याला आयता मिळतो, कारण तारीख वर्षभर आधी ठाऊक असते, जागा बदलत नाही आणि माणसं मान खाली घालून उभी असतात. ९ ऑक्टोबर १९८३ ला रंगूनमधल्या हुतात्मा स्मारकात उत्तर कोरियाच्या हेरांनी स्फोट घडवून २१ जणांना मारलं, तेही पुष्पचक्र वाहण्याच्या प्रसंगी. ६ मार्च २०२० ला काबूलमध्ये हजारा नेते अब्दुल अली मझारी यांच्या स्मृतिदिनाला जमलेल्यांवर गोळीबार झाला, किमान ३२ माणसं गेली. कारणं निराळी, देश निराळे. मारेकऱ्यांनी हेरलेली वेळ तीच, एखादा समाज आपल्या मेलेल्यांची नावं घेत असतानाची.

भाचा : स्मरणाचंच बोलू. अपशिंगे मिलिटरी तू पाहिलंयस. साताऱ्याजवळचं ते गाव, पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. कोणासाठी लढले? इंग्रजांच्या साम्राज्यासाठी. तरी गावाने त्यांना टाकलं नाही, आजही तिथली मुलं सैन्यात जातात. आयर्लंडमध्ये उलटं झालं. त्याच युद्धात दोन लाखांच्या आसपास आयरिश माणसं लढायला गेली होती, कॅथलिकही आणि प्रॉटेस्टंटही. १९१७ च्या जूनमध्ये बेल्जियममधल्या मेसिनला दोन्ही समाजांच्या तुकड्या शेजारी शेजारी लढल्या. मग देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, आणि दक्षिणेत त्या सैनिकांचं नाव काढणं अवघड झालं. पॉपी लावली की तो इंग्रजांचा माणूस. उत्तरेत पॉपी प्रॉटेस्टंटांची झाली. घरातल्या आजोबाचा फोटो कॅथलिकांनी कपाटात ठेवला.

आत्या : हे मला ठाऊक नव्हतं.

भाचा : ते कपाट एनिस्किलनने उघडलं, असं मी म्हणतो. स्फोटानंतर दोनच आठवड्यांनी, २२ नोव्हेंबरला, राहिलेला समारंभ पुन्हा झाला. हजारो लोक आले. पुढे स्मृतिस्तंभावर अकरा कबुतरं बसवली. १९९८ मध्ये मेसिनला आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष आणि इंग्लंडची राणी, दोघींनी मिळून त्या आयरिश सैनिकांच्या स्मारकाच्या मनोऱ्याचं उद्घाटन केलं. २०१२ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान एन्डा केनी एनिस्किलनला गेले आणि त्याच स्तंभापाशी, मानवंदनेच्या त्याच रविवारी त्यांनी पुष्पचक्र वाहिलं. आधीच्या एकाही पंतप्रधानाने हे केलं नव्हतं. त्या वर्षीच जूनमध्ये राणी एनिस्किलनला आली, प्रॉटेस्टंट कॅथीड्रलमधून निघून रस्ता ओलांडून समोरच्या कॅथलिक चर्चमध्ये गेली. आणि दुसऱ्या दिवशी बेलफास्टला तिने मार्टिन मॅकगिनेसशी हस्तांदोलन केलं. आयआरएचा एकेकाळचा सेनानी. ज्या संघटनेने १९७९ मध्ये माउंटबॅटनची होडी उडवली, तिचा.

आत्या : त्या होडीत एनिस्किलनचा एक पंधरा वर्षांचा मुलगाही होता. तोही गेला. माउंटबॅटन आपल्याला ठाऊक, मुलगा नाही.

भाचा : ठाऊक हवा. पण सांग, हे हस्तांदोलन झालं ते चूक झालं का?

आत्या : नाही. चांगलं झालं. मी तेवढी कडू नाही. लोकांनी तोवर मतपेटीतूनही सांगितलंच होतं ना? स्फोटानंतरच्या १९८९ च्या स्थानिक निवडणुकीत फर्मनामध्ये शिन फेनच्या, म्हणजे आयआरएशी जोडलेल्या पक्षाच्या, आठ जागांपैकी चार गेल्या. कॅथलिक मतदारांनीच काढून घेतल्या. ते मला हस्तांदोलनापेक्षा मोठं वाटतं. आपल्या बाजूच्या मारेकऱ्याला नाही म्हणणं सगळ्यात अवघड असतं.

भाचा : विल्सननेही ते अवघड काम केलं, दुसऱ्या टोकाने. १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनला आयआरएच्या बॉम्बने दोन लहान मुलं मेली, तेव्हा तो आयआरएच्या माणसांना जाऊन भेटला. थांबा म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही. तो खचून परतला. त्याच्याच समाजातल्या काहींनी त्याला भोळा ठरवलं. त्याच वर्षी तो आयर्लंडच्या सिनेटमध्ये गेला, तेही काहींना रुचलं नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये शस्त्रसंधी झाला तो त्याने पाहिला. डिसेंबरमध्ये मुलगा मोटार अपघातात गेला. पुढच्या जूनमध्ये तो स्वतः.

आत्या : हा विल्सन मला जास्त कळतो. क्षमा करून घरी बसला नाही. मारेकऱ्यांच्या समोर जाऊन बसला आणि मागणं मागितलं. फोटो काढणाऱ्यांना पहिला विल्सन आवडला. हा दुसरा कोणाला नको होता.

मला हे आत्यांच्या तोंडून वदवून घ्यायचंच होतं. गॉर्डन विल्सनला संत करून टाकलं की त्याचं मागणं विसरायला मोकळीक मिळते. ज्यांनी बॉम्ब ठेवला त्यांना त्याचे पहिले शब्द सोयीचे होते. ज्यांच्या हाती तपास होता त्यांनाही होते. १९९७ मध्ये, दहाव्या स्मृतिदिनी, शिन फेनचे अध्यक्ष जेरी ॲडम्स यांनी घडल्या प्रकाराबद्दल मनापासून खेद असल्याचं सांगितलं. बॉम्ब ठेवणारी तुकडी आयआरएने विसर्जित केली होती. विसर्जित केली म्हणजे त्यात कोण होतं हे त्यांना माहीत होतं. ती नावं मात्र मृतांच्या घरांना कोणी सांगितली नाहीत.

भाचा : नावं कळली तरी काय करशील? १९९८ च्या शांतता करारानंतर कायदा झाला. करारापूर्वीच्या अशा गुन्ह्यात कोणी दोषी ठरला, तरी जास्तीत जास्त दोन वर्षं तुरुंगात. बारा खून आणि दोन वर्षं.

आत्या : चालतील.

भाचा : चालतील?

आत्या : हो. त्या देशाने मतदान करून हा सौदा मान्य केला. साडेतीन हजारांवर माणसं गेल्यावर केला. शिक्षा कमी करायचा अधिकार समाजाला आहे. पण दोन वर्षांची शिक्षा द्यायला सुद्धा आधी दोषी ठरवावं लागतं, आणि त्याच्याही आधी तपास. शिक्षेत सूट दिली ती मला समजते. शोधातच सूट दिली, ती समजत नाही.

भाचा : मग २०२३ चा ब्रिटिश कायदा तुला आवडायला हवा होता. जो खरं सांगेल त्याला अभय. आपल्याकडचा माफीचा साक्षीदारच झाला की तो!

आत्या : नाही झाला. माफीचा साक्षीदार आम्ही कसा करतो ठाऊक आहे? एकाला माफी देतो, ती इतरांना पकडण्यासाठी. अट अशी की त्याने सगळं, खरं आणि पूर्ण सांगायचं. न्यायालयासमोर सांगायचं, आणि उलटतपासणीला उभं राहायचं. एक गोष्ट लपवली की माफी रद्द, पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात. त्या कायद्यात माफी सगळ्यांनाच. आणि सांगायचं ते एका आयोगाला. मृतांच्या माणसांसमोर उलटतपासणी नाही. वर नवे दिवाणी दावे आणि मृत्यूच्या चौकशा बंद. एका बाजूला आयआरए सुटते, दुसऱ्या बाजूला गोळीबार करणारे सैनिक. म्हणून तर तिथले सगळे पक्ष, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, त्याच्या विरोधात एकत्र आले.

भाचा : आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने अभयाचं ते कलम मानवी हक्कांशी विसंगत ठरवलं.

आत्या : ठरवणारच होतं.

भाचा : पण आत्या, न्यायालयाच्या मार्गावर तुझा एवढा भरवसा कसा गं? ११ जुलै २००६ चे मुंबईच्या लोकलमधले स्फोट. १८९ माणसं गेली. २०१५ मध्ये १२ जण दोषी, पाच जणांना फाशी. २०२५ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांची शिक्षा रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एकोणीस वर्षांनी त्या घरांच्या हातात काय आलं? ना क्षमा, ना सत्य. तिकडे निदान एक बाप तरी झोपू शकला.

हा घाव आत्यांना लागतो. त्या स्वतः त्या खटल्यात नव्हत्या, पण सरकारी वकिलाची आयुष्यभराची लाज अशा निकालात असते.

आत्या : लागलं मला हे, आणि लागायलाच हवं. चुकीचा माणूस आत टाकला तर खरा बाहेर राहतो, मेलेल्यांवर तो दुसरा अन्याय. पण यातून तू काय काढतोस? तपास वाईट झाला, म्हणून तपास नको? डेरीची पहिली चौकशी खोटी निघाली, म्हणून लोकांनी चौकशी नको असं म्हटलं नाही. त्यांनी दुसरी मागितली. ती बारा वर्षं चालली. शिक्षा म्हणशील तर त्यातूनही कोणाला झाली नाही. तरी पंतप्रधानाला संसदेत उभं राहून माफी मागावी लागली आणि डेरीच्या चौकात लोक रडले. एनिस्किलनच्या घरांनी असंच मागितलं तर ते सूडबुद्धीचे कसे?

भाचा : सूडबुद्धीचे नाहीत. मी तसं कधी म्हणणार नाही. मला भीती वेगळी आहे. बॉम्ब ठेवणारा आज सत्तरीच्या आसपास असेल. त्याला तू पिंजरा दाखवलास, तर तो बोलणारच नाही. तोंड मिटून मरेल, आणि नावं त्याच्याबरोबर जातील. मी त्याला दार उघडं ठेवीन. ये, सांग, कोणी आणला, कोणी ठेवला, कोणी हुकूम दिला. त्या घरांना सांग. आणि जा.

आत्या : आणि तो अर्धंच सांगून गेला तर? मेलेल्या साथीदाराच्या माथी सगळं मारून गेला तर? तुझ्याकडे ते पडताळायला काय आहे? प्रार्थना?

भाचा : कागद असतील. पोलिसांचे, सैन्याच्या गुप्तहेरांचे. राज्यानेही आपली कपाटं उघडायची. त्याने सांगितलेलं त्यांच्याशी ताडून बघायचं.

आत्या : हे आधी का नाही म्हणालास? राज्याने उघडायची म्हणतोस तर मी येते तुझ्याबरोबर निम्म्या वाटेपर्यंत. पण त्या घरांना प्रश्न विचारू देणार? त्यांच्या वकिलाला? शपथेवर?

भाचा : देईन.

आत्या : मग आपल्यात भांडण फार उरलं नाही.

भाचा : उरलंय. सगळं खरं सांगितल्यावर मी त्याला घरी पाठवीन.

आत्या : आणि मी न्यायाधीशांकडे. दोन वर्षं द्यायची की एक दिवस, ते त्यांनी त्या सगळ्या घरांसमोर, उघड्या न्यायालयात ठरवावं.